मापात पाप कोणाचे?

नवा मोबाइल घरी येतो तेव्हा त्याच्या खोक्यावर ‘६४ जीबी’ असा आकडा ठसठशीत छापलेला असतो. चौसष्ट गिगाबाइट मजकूर, छायाचित्रे, गाणी ह्यात मावतील, असा त्याचा अर्थ घेणारा घेतो. चार दिवसांनी तो जागेचा हिशेब पाहू लागतो, आणि चौसष्टातले दहा-पंधरा गिगाबाइट आपल्या हाती कधी आलेच नाहीत, हे त्याच्या ध्यानात येते. दुकानदाराला विचारावे तर ‘सगळ्यांचे असेच असते’ म्हणून तो मोकळा होतो. मग घेणारा आपल्यापुरता निकाल देऊन टाकतो : कंपन्या लुच्च्या आहेत, मापात पाप आहे.

पाप आहे ह्यात शंका नाही. परंतु लोक ते जिथे शोधतात तिथे ते नाही, आणि जिथे आहे तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. हरवलेली जागा एका वाटेने गेलेली नसून दोन वाटांनी गेलेली आहे. ह्या दोन वाटा कधी व कशा फुटल्या आणि पुढे एकीच्या आडोशाने दुसरी कशी झाकली गेली, हा इतिहास सुमारे सत्तर वर्षांचा आहे. त्याचे मूळ मात्र ह्याहून बरेच मागे, धान्याच्या मापांपर्यंत जाते.

धान्य मापणाऱ्याला शीग ठाऊक असते. माप काठोकाठ भरून वरून हात फिरवला की ते सपाट माप. आणि वर धान्याची टोपी राहू दिली की ते शिगेचे माप. भांडे एकच, नाव एकच, धान्य मात्र कमीजास्त. युरोपात ह्या शिगेवरून शतकानुशतके तंटे झाले. विटोल्ड कुला ह्या पोलिश इतिहासकाराने १९७० साली मापांच्या सामाजिक इतिहासावर एक मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ह्या तंट्यांची हकीगत विस्ताराने आली आहे. जमीनदार खंडाचे धान्य शिगेने घेई आणि देताना सपाट मापाने देई. भांडे उथळ आणि रुंद केले की शीग आपोआप मोठी होते, हीही युक्ती लोकांना माहीत होती. १७८९ साली फ्रान्सच्या राजाकडे गावोगावच्या तक्रारींच्या ज्या वह्या आल्या, त्यांत जमीनदारांच्या मापांविषयीचे गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा येते.

ह्याच गाऱ्हाण्यातून पुढे दशमान पद्धती निघाली. ७ एप्रिल १७९५ च्या फ्रेंच कायद्याने मीटर, लीटर, ग्रॅम ही मापे ठरली आणि त्यांच्या पटींसाठी ग्रीक उपसर्ग ठरले. ‘किलो’ म्हणजे हजार. नऊशे नव्व्याण्णव नव्हे आणि एक हजार चोवीसही नव्हे. हा उपसर्ग कोणत्या वस्तूला लागला आहे ह्याच्याशी त्याच्या अर्थाला काही कर्तव्य नाही, हीच तर त्याची मातब्बरी. १९६० साली पॅरिसला भरलेल्या वजनमापांच्या अकराव्या सर्वसाधारण परिषदेने मेगा, गिगा आणि टेरा हेही ह्याच ओळीत बसवले : दहा लाख, शंभर कोटी, एक लाख कोटी.

परंतु माणसाच्या हाताला दहाचे भाग करणे कधीच सोपे गेलेले नाही. त्याला अर्धे करता येते, अर्ध्याचे अर्धे करता येते. आपल्याकडची जुनी मापे पाहावीत : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सोळा आण्यांचा रुपयाही ह्याच जातीचा. त्याचे पैसे चौसष्ट. दुपटीची ही गणती अडाणीपणाची नव्हे. पदार्थ तराजूच्या दोन पारड्यांत सारखा वाटता आला की तिचे काम झाले.

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे रुपयाचे शंभर भाग झाले. त्या दिवसापासून बाजारात दोन पैसे चालू लागले, एक रुपयाचा चौसष्टावा भाग आणि दुसरा शंभरावा. एकाच नावाची दोन मापे एका वेळी चालली तर गरिबाचा खिसा कापला जाईल, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात होते. म्हणून नाण्यावर ‘नया पैसा’ असे छापले. मराठीत आपण त्याला नवा पैसा म्हणू लागलो. आण्याचे सहा नवे पैसे, चार आण्यांचे पंचवीस, असे कोष्टक ठरवून दिले. आण्यामागे पाव नवा पैसा कुठे गेला ह्यावर कुरकुर झाली, पण कोणता पैसा कोणता ह्याविषयी घोटाळा राहिला नाही. जुने नाणे ओसरले तेव्हा, १ जून १९६४ पासून, ‘नवा’ हे विशेषण काढून टाकण्यात आले. साध्या शहाणपणाची ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत संगणकाच्या जगात एका नावाची दोन मापे रूढ होऊ लागली, आणि तिथे असे विशेषण लावण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

एप्रिल १९६४ मध्ये आयबीएम कंपनीच्या संशोधनपत्रिकेत जीन अॅमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेड ब्रुक्स ह्या तिघांचा एक लेख प्रसिद्ध झाला. ‘सिस्टीम/३६०’ ह्या संगणकमालिकेची रचना त्यात सांगितली आहे. त्यातील एका आकृतीत स्मृतीची क्षमता देताना ‘के म्हणजे १०२४’ असे चक्क नमूद केले आहे. ह्या तिघांना दोष देता येणार नाही. त्यांनी आपला अर्थ लिहून दाखवला. पुढच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

हजाराऐवजी एक हजार चोवीसच का, हे समजून घेतले पाहिजे. संगणकाच्या स्मृतीत ओळीने घरे असतात आणि प्रत्येक घराला क्रमांक असतो. हा क्रमांक तारांवरून जातो. एका तारेत वीज आहे किंवा नाही, ह्या दोनच अवस्था. म्हणजे एका तारेने दोन घरे ओळखता येतात, दोन तारांनी चार, तीन तारांनी आठ. प्रत्येक वाढत्या तारेबरोबर घरे दुप्पट होतात. दहा तारांनी १०२४ घरे होतात. हजारच घरे बांधून चोवीस क्रमांक वाया घालवणे हा शुद्ध वेडेपणा झाला असता. म्हणून स्मृती नेहमी दुपटीच्या मापातच बनते, पायलीसारखी. आता १०२४ ही संख्या हजाराच्या इतकी जवळ की बोलताना तिला ‘के’ म्हणणे ओघानेच आले. चोवीसाचा फरक म्हणजे शेकडा अडीचसुद्धा नव्हे. एवढ्यासाठी नवे नाव कोण शोधत बसणार?

शोधणारे निघाले नाहीत असे नाही. १९६८ साली डोनाल्ड मॉरिसन ह्यांनी एका संगणकविषयक नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले की, १०२४ साठी ग्रीक ‘कॅपा’ हे अक्षर वापरावे. त्यावर दुसऱ्याने तिसरेच चिन्ह सुचवले, आणखी एकाने चौथे. पत्रव्यवहार मोठा रंजक आहे, पण त्यातून निष्पन्न काही झाले नाही. त्या काळी ही चर्चा पंडितांच्या ओसरीवरची होती. संगणक विकत घेणारे मोजके, आणि त्यांना १०२४ काय ते पाठ. फसवला जाईल असा गिऱ्हाईक अजून जन्माला यायचा होता.

ही झाली स्मृतीची परंपरा. तबकडीची परंपरा निराळी आहे, आणि ह्या सगळ्या भांडणाची किल्ली तिच्यात आहे. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने जगातली पहिली विक्रीयोग्य फिरत्या तबकड्यांची साठवण बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर बसवलेल्या. बाजू शंभर, प्रत्येक बाजूवर शंभर वर्तुळे, प्रत्येक वर्तुळाचे पाच भाग आणि प्रत्येक भागात शंभर अक्षरे. गुणाकार करून पाहावा : बरोबर पन्नास लाख अक्षरे. कंपनीने पन्नास लाख सांगितली आणि पन्नास लाखच दिली. (अक्षर त्या वेळी सहा बिटांचे असे, आजच्या हिशेबाने ही अवाढव्य वस्तू पावणेचार मेगाबाइटची.) तबकडीला तारांचे बंधन नाही. किती वर्तुळे कोरायची आणि त्यांचे किती भाग करायचे हे लोखंडाच्या आणि चुंबकाच्या हिकमतीवर ठरते, दुपटीवर नव्हे. म्हणून तबकडीवाले पहिल्या दिवसापासून साध्या दशमानाने मोजत आले. १०२४ चे गिगाबाइट १००० वर आणून त्यांनी आपल्याला लुबाडले, असा जो प्रवाद आहे, तो इतिहासाला धरून नाही. तबकडीवाल्यांनी १०२४ चे माप मुळात कधी स्वीकारलेच नव्हते.

उलट आरंभी त्यांचे माप उतू जाणारे होते. १९८३ साली आलेल्या आयबीएमच्या ‘पीसी एक्सटी’ संगणकात दहा मेगाबाइटची तबकडी असे. तिची ३०६ वर्तुळस्थाने, चार बाजू, सतरा भाग आणि भागाला ५१२ बाइट ह्यांचा गुणाकार १,०६,५३,६९६ होतो. सपाट मापाने पाहा, शिगेने पाहा, दहाहून जास्तच. पुढच्या काळातील तबकड्यांना हा मोठेपणा परवडला नाही.

मधल्या काळातील एक विलक्षण वस्तू म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांनी ती हाताळली असेल. १९८७ पासून ती ‘१.४४ मेगाबाइट’ म्हणून जगभर खपली. तिच्यात दोन बाजू, ऐंशी वर्तुळे, अठरा भाग, ५१२ बाइट. एकूण १४,७४,५६० बाइट. दशमानाने हे १.४७ मेगाबाइट होतात, दुपटीच्या मापाने १.४१. मग १.४४ आले कुठून? १४,७४,५६० ला आधी १०२४ ने भागले, १४४० आले. मग त्याला १००० ने भागले. म्हणजे एक पायरी शिगेने चढायची आणि दुसरी सपाट! कोणत्याही शास्त्राला ठाऊक नसलेला हा मेगाबाइट कोट्यवधी तबकड्यांवर छापला गेला आणि कोणी हूं की चूं केले नाही.

त्याच फ्लॉपीच्या खोक्यावर कित्येकदा ‘२ मेगाबाइट’ असेही छापलेले असे, आणि शेजारी बारीक अक्षरांत : आखणी न केलेली क्षमता. शेताची मोजणी बांधासकट करावी तशातला हा प्रकार. तबकडीवर मजकूर ठेवण्यापूर्वी तिच्यावर रेषा आखाव्या लागतात, प्रत्येक भागाला शिक्का मारावा लागतो. त्यात जागा जाते. आखून झाल्यावर उरलेल्या १४,७४,५६० बाइटांतूनही अनुक्रमणिकेसाठी तेहेतीस भाग राखून ठेवावे लागत. घेणाऱ्याच्या हाती शेवटी येत १४,५७,६६४ बाइट. म्हणजे एकाच वस्तूचे चार आकडे झाले. आजच्या मोबाइलच्या खोक्यावर जे घडते त्याची सगळी लक्षणे ह्या दहावीस रुपयांच्या चकतीत दिसतात. फरक एवढाच की, फ्लॉपी घेणाऱ्याला ती कोरी मिळे. संगणक चालवणारी प्रणाली दुसरीकडे असे. ती आपल्या कोऱ्या चकतीत येऊन बसत नसे.

घोटाळा भडकला तो तबकडी आणि स्मृती एका घरात नांदू लागल्यावर. संगणकाची कार्यप्रणाली लिहिणारे लोक स्मृतीच्या परंपरेतले. त्यांनी तबकडीसुद्धा आपल्याच मापाने मोजली आणि नाव मात्र ‘मेगाबाइट’, ‘गिगाबाइट’ हेच ठेवले. कारखान्यातून सपाट मापाने भरून आलेले पोते घरी शिगेच्या पायलीने मोजले की ते कमी भरणारच. त्यात ही शीग पायरीगणिक वाढते. किलोला शेकडा २.४ असलेला फरक मेगाला ४.९ होतो, गिगाला ७.४, आणि टेराला जवळजवळ दहा. १९८३ साली जो फरक कोणाला दिसला नसता तो गिगाबाइटच्या जमान्यात डोळ्यांत खुपू लागला. पाचशेची तबकडी पडद्यावर ४६५ दिसे. चौसष्टाचे साठ सुद्धा भरत नसत, ५९.६.

डिसेंबर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने ह्यावर तोड काढली. दुपटीच्या मापांना नवी नावे दिली : किबी, मेबी, गिबी. किलोबाइट म्हणजे १०००, किबिबाइट म्हणजे १०२४. तर्काला धरून झाले, कानाला मात्र बोबडे वाटले. विख्यात संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड कनूथ ह्यांनी ह्या नावांऐवजी ‘मोठा किलोबाइट’ असे काहीसे सुचवून पाहिले. तेही चालले नाही. आपल्या नव्या पैशाची आठवण इथे पुन्हा येते. तिथे विशेषण सरकारने नाण्यावरच छापले होते, नाणे हाती घेणाऱ्याला ते वाचावेच लागे. इथे नावे कागदावर ठरली. ती पडद्यावर छापण्याची सक्ती कोणावरच नव्हती. विंडोज ही प्रणाली तर अजूनही १०२४ ने मोजते आणि खाली ‘जीबी’ लिहिते.

मग प्रकरण कोर्टात गेले. २००४ साली कॅमेऱ्याच्या स्मृतिपत्त्या बनवणाऱ्या कंपन्यांवर, २००५ साली वेस्टर्न डिजिटलवर आणि त्याच सुमारास सीगेटवर कॅलिफोर्नियात सामुदायिक दावे झाले. ऐंशीची म्हणून घेतलेली तबकडी चौऱ्याहत्तरच दाखवते, ही तक्रार. कंपन्यांनी दोष कबूल केला नाही, पण तडजोड केली. २००६ साली वेस्टर्न डिजिटलने गिऱ्हाइकांना एक फुकट संगणक-कार्यक्रम देऊ केला आणि वकिलांना पाच लाख डॉलरपर्यंत फी. २००७ साली सीगेटने किमतीच्या शेकडा पाच परतावा किंवा कार्यक्रम, असा पर्याय दिला. गेलेला बाइट कोणालाच परत मिळाला नाही, कारण तो गेलेलाच नव्हता! २०२० साली फ्लॅश ड्राइव्हबाबतच्या अशाच एका दाव्यात कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, व्यापारात गिगाबाइटचा दशमान अर्थच कायद्याने मानलेला आहे, दावा फेटाळला. १७९५ च्या फ्रेंचांच्या किलोला अमेरिकन न्यायालयाने असा कौल दिला.

त्याआधीच, २००९ साली, अॅपलने आपल्या मॅक संगणकांच्या नव्या प्रणालीत मोजणी दशमानावर आणली होती. काल ४६५ दाखवणारी तबकडी आज ५०० दाखवू लागली. २०१७ साली अँड्रॉइडनेही तेच केले. एका बाइटाचीही भर न पडता लोकांचे समाधान झाले, हा मानवी स्वभावाचा एक नमुनाच म्हणायचा.

पहिल्या वाटेने गेलेली जागा ही अशी. विकणाऱ्याचे माप शास्त्रशुद्ध होते. मोजणाऱ्याने शीग लावली. तरी विकणारा अगदी भाबडा होता असेही समजू नये. मोबाइलमधल्या फ्लॅश पाकळ्यांची हकीगत पाहा. ही जात १९८० नंतरच्या दशकात तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका ह्यांनी काढली. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, घरांच्या ओळी आहेत. त्यामुळे ती पुन्हा दुपटीच्या मापात बनते. म्हणजे जिच्यावर ‘६४ जीबी’ असा दशमान आकडा छापलेला असतो, तिच्या आत सामान्यतः शिगेसकट चौसष्ट भरतील इतकी घरे असतात. मधली सात टक्के घरे कुठे जातात? ती राखीव ठेवलेली असतात. फ्लॅशची घरे पुसून-लिहून झिजतात, काही तर कारखान्यातूनच नादुरुस्त येतात; त्यांच्या बदली उभे राहायला ही राखीव घरे लागतात. तेव्हा ज्या सात टक्क्यांवरून कोर्टात एवढे रण माजले, ते फ्लॅशच्या बाबतीत घेणाऱ्याच्याच वस्तूचे आयुष्य वाढवण्याकडे लागलेले आहेत. हे कोणत्याही खोक्यावर छापलेले मी पाहिले नाही.

आता दुसरी वाट. ती बारदानाची.

पोत्याचे वजन वजा जाता उरते ते धान्याचे खरे वजन. मोबाइलमध्ये आणि टॅब्लेटमध्ये पोते म्हणजे कार्यप्रणाली, तिच्याबरोबर आलेले कंपनीचे कार्यक्रम, आणि बिघाड झाल्यास पुन्हा उभे करण्यासाठी ठेवलेली तिची प्रत. हे सगळे त्याच साठवणीत बसते, आणि घेणाऱ्याला ते बाहेर काढता येत नाही. जानेवारी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘सरफेस प्रो’ ह्या येऊ घातलेल्या टॅब्लेटविषयी स्वतःच सांगितले की, ६४ जीबीच्या नगात वापरायला २३ जीबी मोकळी राहील. चौसष्टात तेवीस! गहजब झाला, पुढे कंपनीने तो आकडा थोडा वाढवून सांगितला. त्याच वर्षी सॅमसंगचा ‘गॅलक्सी एस ४’ आला. जानेवारी २०१४ मध्ये ‘विच?’ ह्या ब्रिटिश ग्राहक-नियतकालिकाने १६ जीबीच्या मोबाइलांची तुलना केली, तेव्हा त्यात ८.५६ जीबी जागा घेणाऱ्यासाठी उरलेली आढळली. ‘आयफोन ५सी’मध्ये १२.६. खोक्यावर दोघांच्याही १६.

इथे शीग आणि सपाट हा वाद नाही. सात टक्के कुठे आणि सत्तेचाळीस टक्के कुठे! आणि तरीही ह्या दोन गोष्टी एका ओळीत कोंबल्या गेल्या. आधीच्या दाव्यांपासून धडा घेऊन कंपन्यांनी खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत एक तळटीप छापायला आरंभ केला : एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट, प्रत्यक्ष वापरण्याजोगी जागा ह्याहून कमी असू शकते. पहिले अर्धवाक्य गणिताचे, ते निर्विवाद खरे. दुसरे बारदानाचे, त्यात आकडा नाही. पहिल्याच्या खरेपणावर दुसरे खपून जाते. घेणारा विचारायला गेला की त्याला १००० आणि १०२४ ची कथा सांगतात, आणि ती ऐकून तो आपल्याच अडाणीपणाला हसत घरी जातो. माझ्या मते खरे पाप ते इथे आहे.

बारदानाचा आणखी एक गुण असा की, ते पोत्याच्या प्रमाणात वाढत नाही. सात जीबीची प्रणाली १२८ जीबीच्या मोबाइलात शेकडा साडेपाच जागा खाते, तीच १६ जीबीत शेकडा चव्वेचाळीस. १५ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्लीत ‘अँड्रॉइड वन’ ह्या नावाने तीन भारतीय कंपन्यांचे स्वस्त मोबाइल गूगलच्या पुढाकाराने बाजारात आले. साडेसहा हजारांच्या आतली किंमत, आणि आतली साठवण ४ जीबी. वेगळी स्मृतिपत्ती घालायची सोय होती, म्हणून निभावले. त्यानंतर दोनच दिवसांनी अॅपलने ‘आयओएस ८’ ही नवी प्रणाली दिली. ती हवेतून उतरवून घ्यायला सुमारे पाच जीबी मोकळी जागा लागे. सोळाच्या मोबाइलात ती कुठून असणार? लोक बसून छायाचित्रे पुसू लागले. वर्ष संपण्यापूर्वी ह्याबद्दलही कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला. प्रणालीने जागेचा पाचवा हिस्सा आणि काही नगांत त्याहून अधिक व्यापला, असे त्यात म्हटले होते.

आपल्याकडे ह्या टंचाईचे जे रूप दिसले ते काहीसे विनोदी आहे. जानेवारी २०१८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ ह्या अमेरिकन पत्राने लिहिले की, भारतीयांचे मोबाइल गोठून का पडतात ह्याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना कारण सापडले ते ‘सुप्रभात’ची चित्रे! उगवता सूर्य, फुले, कपबशी, आणि खाली सुविचार. त्याआधीच्या महिन्यात गूगलने भारतात अशी अडगळ झाडण्याचा एक कार्यक्रमही काढला होता. वाचून हसू आले हे खरे. परंतु त्या बातमीत काका-मावश्यांच्या फुलांनी किती जागा खाल्ली ह्याचीच चर्चा होती. फूल येण्यापूर्वीच ज्याने निम्मी ओसरी अडवून ठेवली होती त्याचे नाव कोणी घेतले नाही. ज्याला १२८ चा मोबाइल परवडतो तो सुप्रभात वर्षभर साठवू शकतो. ज्याला परवडत नाही त्याने नातवाचे छायाचित्र ठेवावे की सुनेच्या बाळंतपणाचे कागद, ह्याचा निवाडा दर पंधरवड्याला करायचा.

बारदान वगळून आकडा छापता येत नाही, अशी सबब सांगतात. प्रणाली सुधारत राहते, तिचा आकार बदलतो, म्हणून कोणता आकडा छापायचा? सबब अगदीच पोकळ नाही. पण कारखान्यातून निघाल्या दिवशीचा आकडा तर ठाऊक असतोच; तो मायक्रोसॉफ्टने २०१३ साली सांगितलाही होता. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ह्याहून जवळचे उदाहरण आहे. सदनिकेचे क्षेत्रफळ सांगताना जिना, उद्वाहन, बोळ, भिंती सगळे धरून ‘सुपर बिल्ट-अप’ हजार फूट सांगायचे आणि आत गेल्यावर सातशे फूट भरायचे, हा आपल्या शहरांतला जुना अनुभव. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या केली आणि ती ‘निव्वळ वापरण्याजोगे क्षेत्र’ ह्याच शब्दांच्या आधाराने केली. बिस्किटांच्या पुड्यावरही वेष्टन वगळून निव्वळ वजन छापावेच लागते. मोबाइलच्या खोक्यावर मात्र जिना-बोळासकट चौसष्ट.

अलीकडे तर हे बोळ दिसेनासे करण्याची सोय झाली आहे. अँड्रॉइडच्या खुल्या संहितेत एक लहानसे सूत्र आहे. साठवणीचा खरा आकडा वेडावाकडा निघाला तर ते त्याला वरच्या गोल संख्येपर्यंत, म्हणजे १६, ३२, ६४, १२८ असे, उचलून नेते. साडेएकोणतीस असा विचित्र आकडा पडद्यावर दिसू नये, हा त्याचा हेतू लिहिणाऱ्यांनी तिथेच टिपून ठेवला आहे. २०१७ च्या आवृत्तीत त्याला जोड मिळाली : छायाचित्रे, गाणी, कार्यक्रम ह्यांचा हिशेब लागल्यावर एकूण गोल आकड्यातून जे उरेल, ते सगळे ‘सिस्टीम’ ह्या नावावर टाकायचे. त्यामुळे खोक्यावर चौसष्ट, पडद्यावरही चौसष्ट. ‘सिस्टीम’ ह्या रकान्यात प्रणाली किती, तिची राखीव प्रत किती, आणि आकडा गोल करण्यासाठी घातलेली, मुळात कुठेच नसलेली जागा किती, हे त्या पडद्यावरून काढता येत नाही.